धंदा माझा, मग गिऱ्हाईक नाकारायचा हक्क माझा का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: संघटनेचं स्वातंत्र्य म्हणजे कोणाशी संबंध ठेवायचा हे आपलं आपण ठरवणं. त्यात संबंध न ठेवण्याचं स्वातंत्र्यही आलंच. मग स्वतःच्या पैशाने धंदा उभा करणाऱ्याने एखाद्याला ‘तुम्हाला विकणार नाही’ म्हटलं तर कायद्याने मध्ये का पडावं? ग्राहक मला कारण न सांगता सोडून जातो, तेव्हा त्याला कोणी जाब विचारत नाही. मग मलाच का?

मी वकिली करतो. माझ्याकडे धंदेवाले येतात, तसे दारातून परत पाठवले गेलेले ग्राहकही येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचा संताप ओळखीचा आहे. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. गिऱ्हाईक नाकारता येतं, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त वेळा. कायद्याचा आक्षेप नाकारण्याला नसतो. काही मोजक्या कारणांसाठी नाकारण्याला असतो. आणि संघटनेचं स्वातंत्र्य या भांडणात फारसं उपयोगी पडत नाही, कारण ते मुळात वेगळ्या जागेसाठी आहे.

करारापासून सुरुवात करू. दुकानात वस्तू मांडून तिच्यावर किंमत लावली म्हणजे ती विकण्याचं वचन दिलं असं होत नाही. इंग्लंडमध्ये १९५३ साली एका औषधांच्या दुकानावरून हा मुद्दा पक्का झाला. ग्राहकांनी स्वतः फळीवरून वस्तू उचलायची पद्धत तेव्हा नवी होती आणि विक्री नेमकी कोणत्या क्षणी होते, असा वाद होता. न्यायालय म्हणालं, मांडलेली वस्तू हे फक्त आमंत्रण आहे. ग्राहक ती गल्ल्यापाशी आणतो तेव्हा तो प्रस्ताव ठेवतो आणि दुकानदार पैसे घेतो तेव्हा तो स्वीकारतो. म्हणजे पैसे घेईपर्यंत दुकानदाराला ‘नाही’ म्हणायची मुभा आहे. इंग्रजी कराराच्या वळणाने जाणाऱ्या बहुतेक देशांत, भारतातही, हेच तत्त्व चालतं. दारू पिऊन गोंधळ घालणारा, जुनी उधारी न फेडलेला, नोकरांना शिवीगाळ करणारा, दुकान बंद करायच्या वेळी आलेला, या सगळ्यांना नाकारता येतं. साधारणपणे कारणही द्यावं लागत नाही.

या मुभेला एक जुना अपवाद आहे आणि तो मानवी हक्कांच्या भाषेच्या कितीतरी आधीचा आहे. इंग्रजी कायद्यात सराई चालवणारा आणि सर्वांसाठी वाहतूक करणारा या दोघांना वाजवी कारणाशिवाय कोणाला परत पाठवता येत नसे. रात्री अनोळखी गावात पोचलेल्या प्रवाशापुढे दुसरा पर्याय नसतो, हे त्यामागचं साधं कारण. क्रिकेटच्या जाणकारांना लिअरी कॉन्स्टंटाइन हे नाव माहीत असेल. वेस्ट इंडीजचा हा खेळाडू १९४३ साली लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी कुटुंबासह लंडनला आला. हॉटेलात खोल्या आधीच ठरवलेल्या होत्या. पोचल्यावर त्याला सांगण्यात आलं की एक रात्र राहा आणि निघा, कारण तो कृष्णवर्णीय होता आणि तिथे उतरलेल्या अमेरिकन पाहुण्यांना ते खपणार नव्हतं. तो न्यायालयात गेला आणि १९४४ मध्ये जिंकला. नुकसानभरपाई मिळाली पाच गिनी.

रक्कम नाममात्र होती, पण तो कशाच्या जोरावर जिंकला ते बघा. वंशभेदाविरुद्ध त्या देशात तेव्हा कायदाच नव्हता. सराईवाल्याचं जुनं कर्तव्य मोडलं, एवढंच न्यायालयाला म्हणता आलं. हॉटेलऐवजी एखाद्या कापडाच्या दुकानाने त्याला हाकललं असतं, तर हातात काहीच नव्हतं. १९६५ च्या ब्रिटिश कायद्याने हॉटेलं, उपाहारगृहं, नाट्यगृहं, सार्वजनिक वाहनं यांत वंशावरून भेदभाव करायला बंदी केली. साध्या दुकानांपर्यंत कायदा पोचला तो आणखी तीन वर्षांनी, १९६८ मध्ये. एकेक दार असं सावकाश उघडत गेलं.

भारताच्या राज्यघटनेने मात्र ही मजल एका झटक्यात मारली. मूलभूत हक्क साधारणतः सरकारविरुद्ध असतात. शेजाऱ्याने तुमचं भाषण ऐकायला नकार दिला तर तुमचं अभिव्यक्तीस्वातंत्र्य भंग पावत नाही. पण कलम १५(२) थेट खासगी माणसालाही लागू होतं. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागांमध्ये जाण्यापासून अडवता येत नाही. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये यावर चर्चा झाली, तेव्हा सदस्यांनी विचारलं की धोब्याचं किंवा केस कापायचं दुकान यात येतं का. डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा आशय असा होता: सेवा मागायला येणाऱ्या कोणालाही मालक जिथे ती द्यायला तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान, आणि नुसतं आत शिरता येणं पुरेसं नाही, अटी मान्य असतील तर सेवाही मिळाली पाहिजे. याच व्यापक अर्थाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये खासगी शिक्षणसंस्थाही या कलमाखाली आणल्या.

त्याच घटनेत कलम १९(१)(ग) आहे, संघ स्थापन करण्याचं स्वातंत्र्य देणारं. दोन्ही कलमं शेजारी शेजारी नांदतात. घटना लिहिणाऱ्यांना त्यांत विसंगती दिसली नाही, आणि मलाही दिसत नाही. ती का नाही, हे कळण्यासाठी संघटनेचं स्वातंत्र्य प्रत्यक्षात कशासाठी वापरलं गेलं ते पाहायला हवं.

अमेरिकेच्या घटनेत हा हक्क या शब्दांत लिहिलेला नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो ठळकपणे मांडला १९५८ मध्ये. अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेकडे तिच्या सदस्यांची यादी मागितली होती. यादी बाहेर गेली असती तर लोकांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, कदाचित जीवही. न्यायालयाने राज्याला अडवलं. म्हणजे हा हक्क घडला तो दुबळ्यांनी एकत्र येऊन बोलता यावं म्हणून, सरकारपासून बचावासाठी. त्यानंतर काही वर्षांतच तोच हक्क भोजनगृहाच्या दारावर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी ठेवण्याच्या समर्थनार्थ पुढे केला गेला. इतिहास असे टोमणे अधूनमधून मारतो.

पुढे न्यायालयांनी यात थर पाडले. १९८४ चं जेसीज प्रकरण माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. ही तरुण पुरुषांची संस्था. स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व नव्हतं. न्यायालयाने दोन प्रकारचे संबंध संरक्षणास पात्र मानले. एक, कुटुंबासारखे जवळचे, निवडक, खासगी संबंध. दोन, काही विचार मांडण्यासाठी एकत्र आलेल्यांचे संबंध. जेसीज मोठी होती, जवळपास येईल त्याला घेत होती, स्त्रिया आल्याने तिचा विचार बदलणार नव्हता. म्हणून ती हरली. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी स्वतंत्र मतात आणखी स्पष्ट रेघ ओढली: विचारासाठी जमलेली संघटना वेगळी आणि बाजारात उतरलेली संघटना वेगळी, बाजारात शिरल्यावर सदस्य निवडण्याचं पहिल्यासारखं पूर्ण स्वातंत्र्य उरत नाही. उलट २००० साली बॉय स्काउट्स पाच विरुद्ध चार मतांनी जिंकले. आपली काही मूल्यं आहेत आणि समलिंगी पदाधिकारी ठेवायला भाग पाडलं तर त्या मूल्यांचा संदेश बिघडतो, हे त्यांचं म्हणणं बहुमताने मानलं. निकाल पटो न पटो, तिथे वाद सदस्यत्वाचा होता. गल्ल्यापाशी उभा असलेला ग्राहक तुमचा सदस्य होत नाही. तो पैसे देतो, वस्तू घेतो, जातो. त्याला साबण विकल्याने तुम्ही त्याच्या मतांशी, धर्माशी किंवा जीवनशैलीशी जोडले गेलात, असं कोणी समजत नाही.

भारतात याच रेघेवर एक अवघड निकाल आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादमधल्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा पोटनियम वैध ठरवला. सदस्यत्व फक्त पारशांनाच, असा तो नियम, आणि आधार संघटनेच्या स्वातंत्र्याचा. लहान, आक्रसत चाललेल्या समाजाने एकत्र राहण्याची इच्छा धरणं समजण्यासारखं आहे. तरीही मला हा निकाल जड जातो. वाचनमंडळाचं सदस्यत्व नाकारलं तर माणूस दुसरं मंडळ काढेल. जिथे सदस्यत्व म्हणजे राहतं घर, तिथे एकेका संस्थेचा पोटनियम मिळून सगळं शहर वाटून घेतलं जाऊ शकतं, आणि मग एखाद्याला कुठेच जागा उरत नाही. घर हे क्लब आणि दुकान यांच्या मधलं आहे, आणि कायद्याला त्याची नीट जागा अजून सापडलेली नाही.

आता ‘मालमत्ता माझी’ या युक्तिवादाकडे. तो सर्वांत ताकदीने मांडला गेला १९६४ मध्ये. अमेरिकेत नागरी हक्क कायदा आला आणि अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलच्या मालकाने लगेच त्याला आव्हान दिलं. मालक स्वतः वकील होता आणि सर्वोच्च न्यायालयात स्वतःच उभा राहिला. माझ्या मालमत्तेवर हा घाला आहे, इतकंच नव्हे तर मला नको त्याची सेवा करायला लावणं म्हणजे वेठबिगारी आहे, असं तो म्हणाला. वेठबिगारी आणि गुलामी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीचा आधार, कृष्णवर्णीयांना खोली नाकारण्यासाठी! न्यायालयाने एकमताने त्याला हरवलं. त्याच्याकडे उतरणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक राज्याबाहेरचे होते, म्हणजे हा आंतरराज्य व्यापार, आणि त्याचं नियमन संसदेच्या अधिकारात येतं.

त्याच कायद्यातली एक सूट फार बोलकी आहे. मालक ज्या इमारतीत स्वतः राहतो आणि भाड्याने द्यायच्या खोल्या पाचपेक्षा जास्त नाहीत, तिथे हा नियम लागत नाही. खऱ्या अर्थाने खासगी असलेल्या क्लबांनाही लागत नाही. म्हणजे कायद्याला घराचा उंबरठा दिसतो. तो विचारतो, हे तुमचं घर आहे की तुम्ही जगासाठी उघडलेलं दार? जगासाठी उघडलं असेल, रस्त्यावर पाटी लावून, जाहिरात करून, परवाना काढून, तर मग ‘जग’ म्हणजे कोण हे चेहरा बघून ठरवता येणार नाही.

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला टाळू नये. कायदा कशाला, भेदभाव करणारा आपोआप तोट्यात जाईल, असं म्हणतात. यात तथ्य आहे. १८९६ च्या प्रसिद्ध प्लेसी खटल्यात रेल्वेत गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळे डबे ठेवायची सक्ती अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या कायद्याने केली होती. रेल्वे कंपनीला जादा डब्यांचा खर्च नको होता आणि त्या कायद्याला आव्हान देणाऱ्यांना तिची आतून साथ होती. अमेरिकेच्या दक्षिण भागातला बराचसा भेदभाव बाजाराने नव्हे, सरकारने लादलेला होता. पण बराचसा म्हणजे सगळा नव्हे. फेब्रुवारी १९६० मध्ये ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका मोठ्या दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर बसून राहिले. बाकीच्या विभागात त्यांच्याकडून पैसे घेतले जात होते, काउंटरवर मात्र सेवा नाही. दुकानाचं उत्तर होतं, आम्ही इथल्या रूढीप्रमाणे चालतो. त्या रूढीमागे पैसाच होता: काळ्यांना बसवलं तर गोरे ग्राहक जातील ही भीती. बहुसंख्य ग्राहकांनाच भेदभाव हवा असतो तेव्हा बाजार तो पोसतो. ज्या मालकांना सर्वांना सेवा द्यायची होती, त्यांनाही एकट्याने पाऊल टाकणं परवडत नव्हतं. कायदा आल्यावर ‘आमचा नाइलाज आहे’ म्हणायची सोय झाली.

ग्रीन्सबरोचा तो काउंटर त्याच वर्षी जुलैत सर्वांना खुला झाला, धरणं आणि बहिष्काराने धंदा बसल्यावर. इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो: ग्राहकाला बहिष्काराचा हक्क आणि दुकानदाराला नाही, हा कुठला न्याय? एकतर ग्राहकाने कधीच जाहीर केलेलं नसतं की मी सर्व दुकानांतून घेईन. दुकानदाराने मात्र जाहीर केलेलं असतं की मी सर्वांना विकीन. शिवाय ग्राहक सहसा दुकानाच्या वागण्यामुळे जातो, आणि वागणं बदलता येतं. १९८२ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने मिसिसिपीतल्या गोऱ्या व्यापाऱ्यांवरच्या शांततापूर्ण बहिष्काराला संरक्षण दिलं, कारण तो मागण्यांसाठी होता.

पण ग्राहकाची बाजूही निरंकुश नाही. एखाद्या कुटुंबाला जातपंचायतीने वाळीत टाकायचं, त्याच्याकडून कोणी काही घ्यायचं नाही, त्याला कोणी काही द्यायचं नाही, असं ठरवणं महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथेही ‘आम्ही कोणाशी संबंध ठेवायचा ते आमचं आम्ही ठरवू’ हाच बचाव असतो. म्हणून विकणारा की घेणारा हा निकष मी वापरत नाही. नकार माणसाच्या कृतीला आहे, की तो जन्माने जो कोणी आहे त्याला, हे मी बघतो.

खरी डोकेफोड त्यापुढची आहे: नकार माणसाला आहे की मजकुराला? उत्तर आयर्लंडमधल्या एका बेकरीकडून एका ग्राहकाला समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी घोषणा केकवर लिहून हवी होती. धर्मश्रद्ध मालकांनी नकार दिला. खालच्या न्यायालयांत ते हरले, २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. कारण साधं होतं: तीच घोषणा भिन्नलिंगी ग्राहकाने मागितली असती तरी त्यांनी लिहिली नसती, आणि त्याच ग्राहकाला साधा केक त्यांनी दिला असता. पाच वर्षांआधी, २०१३ मध्ये, त्याच न्यायालयाने कॉर्नवॉलमधल्या एका निवासगृहाच्या मालकांना हरवलं होतं. त्यांनी समलिंगी जोडप्याला दुहेरी पलंगाची खोली नाकारली होती. ‘आम्ही फक्त विवाहितांनाच देतो’ हा बचाव टिकला नाही, कारण नकार कुठल्या मजकुराला नव्हता, माणसांना होता. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की रेघ स्वच्छ दिसते.

अमेरिकेत ती पुसट होत चालली आहे असं मला वाटतं. २०१८ चा कोलोरॅडोतला लग्नाच्या केकचा खटला बेकरीवाला जिंकला, पण मुख्य प्रश्न न सुटताच. राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेशी आकसाने वागणूक केली, एवढ्यावर निकाल लागला. २०२३ मध्ये संकेतस्थळं बनवणाऱ्या एका महिलेला सहा विरुद्ध तीन मतांनी हक्क मिळाला की समलिंगी लग्नासाठी संकेतस्थळ बनवायला तिला भाग पाडता येणार नाही, कारण ती तिची अभिव्यक्ती आहे. ध्यानात घ्या, तिथेही आधार संघटनेच्या स्वातंत्र्याचा नव्हता, भाषणस्वातंत्र्याचा होता. तत्त्व चुकीचं नाही. पण आज संकेतस्थळ. उद्या छायाचित्रकार, फुलांची सजावट करणारा, मेजवानीचं ताट मांडणारा, सगळेच आपण कलाकार असल्याचं सांगू लागतील.

मजकूर आणि माणूस यांशिवाय एक तिसरी गोष्ट आहे, राजकीय मत. बहुतेक कायद्यांच्या यादीत ती नसते. भारताच्या कलम १५(२) मध्येही नाही. जून २०१८ मध्ये व्हर्जिनियातल्या एका उपाहारगृहाने अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या माध्यम सचिव सारा सँडर्स यांना निघून जायला सांगितलं. तिथे तो नकार बेकायदा ठरत नव्हता. वॉशिंग्टन शहराच्या कायद्यात मात्र राजकीय पक्षनिष्ठाही संरक्षित आहे, म्हणजे तिथे चित्र वेगळं असतं. केकवाल्याची बाजू घेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या आठवड्यात बाजू बदलली, आणि उलट, हे पाहणं मनोरंजक होतं. नियम कोणाच्या हातात कसा लागतो यावरून आपलं मत ठरत असेल, तर ते मत नियमाबद्दलचं नसतं.

धंदा चालवणाऱ्यांना माझा सल्ला कोरडा असतो. वागण्याचे नियम करा, ओळखीचे नको. पोशाख, वय, मोठा आवाज, आगाऊ पैसे, सुरक्षितता, यांचे नियम आधी लिहून दारावर लावा आणि सर्वांना सारखे लावा. बहुतेक धंदेवाले नियमामुळे अडकत नाहीत, तो एकाला लावून दुसऱ्याला सोडल्यामुळे अडकतात. दिसायला सरळ नियमही तपासून घ्या. ‘ओळखपत्र म्हणून फक्त वाहन परवाना चालेल’ म्हटलं की दृष्टिहीन माणूस बाहेर पडतो. ‘डोक्यावर काहीही नको’ म्हटलं की काही धर्मांचे लोक बाहेर पडतात. हेतू नव्हता हे खरं असलं तरी अनेक देशांच्या कायद्यात तेवढ्याने सुटका होत नाही. तातडीचे वैद्यकीय उपचार ही तर वेगळीच गोष्ट. भारतात १९८९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे नकाराला जागाच नाही.

नाकारलेल्या ग्राहकालाही एक सांगतो. तिथल्या तिथे भांडण्यापेक्षा शांतपणे कारण विचारा, सोबत कोणी असेल तर त्याच्यासमोर. जमलं तर त्याच दिवशी वेगळ्या ओळखीच्या माणसाला तीच वस्तू मागायला पाठवा. त्याला मिळाली तर तुमची अर्धी केस उभी राहिली.

आणि दुकानदाराने नाकारलंच, तर खोटं कारण देऊ नये. ‘माल संपला’, ‘खोली भरलेली आहे’ असं सांगून पाठवलं आणि मागोमाग आलेल्याला दिलं, की त्या खोट्यातूनच न्यायालय खरं कारण काढतं. कारण सरळ असेल तर ते सांगा आणि त्याच दिवशी चार ओळी लिहून ठेवा: कोण आलं, काय मागितलं, काय घडलं, काय उत्तर दिलं, समोर कोण होतं. तक्रार आल्यानंतर आठवून रचलेल्या खुलाशापेक्षा त्या चार ओळींना वजन जास्त असतं.